मुलांचा तास



मालेच्या चालकांनी मला विषय दिला तो वाचनालयातील मुलांच्या व कुटुंबांच्या कार्यक्रमांचा. मी कामगार संघटनेत आयुष्य घालविलेला माणूस. शाळा सातवीत सुटली. पुढे जे काही शिकलो ते वर्तमानपत्रांवर, कायद्याच्या पुस्तकांवर आणि वाचनालयाच्या ओट्यावर. असा मनुष्य मुलांच्या गोष्टींविषयी काय बोलणार, असे तुम्हांस वाटले तर त्यात वावगे काही नाही. मलाही प्रथम तसेच वाटले. परंतु कारखान्यांचे जुने कायदे पुन्हा चाळले, तेव्हा ध्यानात आले की हा विषय माझ्याच खात्यातला आहे. मुलाने वाचनालयात यावयाचे तर त्याच्यापाशी आधी वेळ हवा; आणि आपल्या देशात मुलांचा वेळ कोणी फुकट दिलेला नाही.

१८८१ साली कारखान्यांचा पहिला कायदा झाला. सात वर्षांखालील मुलाला कामावर ठेवू नये आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा अधिक काम घेऊ नये, एवढी त्याची दया. नऊ तास! सात वर्षांचे पोर म्हणजे आपल्याकडे दुसरीतले. १८९१ मध्ये वयाची अट नऊवर आली आणि तास सात झाले; १९११ मध्ये कापड गिरण्यांतील मुलांचे तास सहा झाले; १९२२ मध्ये बारा वर्षांखालील मुलाला कारखान्याचे दार बंद झाले. मधल्या काळात नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची सभा उभी केली आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मिळविली. आज आपण मुलांचे कार्यक्रम बिनदिक्कत रविवारी ठेवतो. तो रविवार असा आलेला आहे.

याच शतकात आपल्याकडे वाचनालये निघत होती. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, पुण्याचे १८४८ चे. या संस्थांनी महाराष्ट्राला शहाणे केले, याबद्दल दुमत नाही. तथापि त्या वर्गणी भरू शकणाऱ्या मोठ्या माणसांच्या होत्या. मुलगा तिथे गेला तर वडिलांचे पुस्तक बदलण्यापुरता.

मग ज्याच्या घरी जागा नाही आणि वाचनालयात नाव नाही, अशा मुलाने वाचावयाचे कुठे? याचे एक उत्तर सर्वांना ठाऊक आहे, पण या बाजूने आपण त्याकडे पाहत नाही. मुंबईत परळच्या चाळीत एका खोलीत सारे कुटुंब राहत असे. त्यातला मुलगा शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचीत बसे. तिथे संध्याकाळी कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे शिक्षकही वाचावयास येत. रोज दिसणाऱ्या या मुलाची त्यांनी चौकशी केली, त्याला पुस्तके आणून दिली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाला तेव्हा चाळीत सभा भरली. अध्यक्ष होते सीताराम केशव बोले, आणि केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धाचे चरित्र त्याला भेट दिले. बोले हे कामगारांचे कार्यकर्ते. पुढे १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव विधिमंडळात त्यांनीच मांडला. त्या बागेत कपाट नव्हते, सूचीपत्र नव्हते. बसावयास जागा होती आणि विचारपूस करणारा एक माणूस होता. माझ्या मते आपल्याकडील पहिला बालविभाग तोच म्हणावयास हरकत नाही.

केळुसकरांनीच पुढे हा मुलगा सयाजीराव गायकवाडांपर्यंत पोचविला आणि महाराजांनी दरमहा २५ रुपये शिष्यवृत्ती दिली. सयाजीरावांनी १९०६ मध्ये आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले होते. शिकलेले पोर वाचावयास काही नसेल तर चार वर्षांत अक्षरे विसरते, हे त्यांनी ओळखले. म्हणून १९१० साली त्यांनी बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल बडोद्यास आणला. त्या मध्यवर्ती ग्रंथालयात स्त्रियांसाठी वेगळी सोय झाली आणि मुलांसाठी वेगळी खोली. तीत पुस्तकांबरोबर खेळणी व चित्रेही होती! गावोगाव पुस्तकांच्या लाकडी पेट्या जात. पडद्यावर चित्रे दाखवीत, तेव्हा आईबाप पोरांसह येऊन बसत. खेड्याने वाचनालय काढले तर एक हिस्सा गावाने, एक प्रांत पंचायतीने आणि एक सरकारने द्यावा, असा हिशेब होता. हा हिशेब मला फार आवडतो, कारण त्यात गावाला हात पसरावा लागत नाही आणि अंग काढूनही घेता येत नाही.

मुंबईत हेच काम राजाश्रयावाचून झाले. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग स्थापिली. रात्रीच्या शाळा आणि फिरती वाचनालये काढून पुस्तके कामगार वस्तीत नेली. १९१९ साली वॉशिंग्टनला पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. मुलांना कामावर घेण्याचे वय काय असावे यावर तिथे वाद झाला, आणि हिंदी कामगारांतर्फे तिथे बसले होते हेच जोशी. पुढच्याच वर्षी आयटक निघाली, तिच्या संस्थापकांतही ते होते. कामगार पुढारी म्हटला की लोकांना संप आठवतो. जोशींच्या ठिकाणी पुस्तक, शाळा आणि संघटना ही एकाच बैठकीतली कामे होती.

आता आपल्या मुलखाकडे वळू. कुटुंबाने मिळून वाचण्याची रीत आपल्याला बाहेरून शिकावी लागली नाही. सांगोल्याकडील नाझऱ्याच्या श्रीधरस्वामींनी १७०२ च्या सुमारास हरिविजय लिहिला आणि पाठोपाठ रामविजय. चातुर्मासात एकाने पोथी वाचावी आणि आजीपासून कडेवरच्या मुलापर्यंत सर्वांनी ऐकावी. अक्षरओळख एकालाच असली तरी भागे. माझे वडील बार्शी लाइटच्या छोट्या रुळांवर गँगमन. त्यांना सहीपुरते येई, पण पांडवप्रतापातले प्रसंग ते तोंडाने सांगत. वाचनालयातल्या कथाकथनाला लोक नवे म्हणतात, तेव्हा मला थोडे हसू येते.

नवे काय होते ते साने गुरुजींनी आणले. मे १९४७ मध्ये विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून त्यांनी इथून जवळच पंढरपुरात उपोषण केले आणि दार उघडले. पोथी ऐकावयास कोण कोणाच्या ओसरीवर बसणार, हा प्रश्न आधी सुटावयास हवा होता. १९५० च्या जूनमध्ये गुरुजी गेले. त्यांच्यामागे प्रकाशभाई मोहाडीकरांनी साने गुरुजी कथामाला उभी केली, आणि कोणाचेही पोर कोणाच्याही पोराशेजारी बसून गोष्ट ऐकू लागले. १९५३ च्या कायद्याने कामगार कल्याण निधी झाला. त्याच्या केंद्रांत ग्रंथालय, शिशुमंदिर आणि बायकांचा शिवणवर्ग एका छपराखाली आले. आई शिवते आहे तोवर मूल चित्रे पाहते, इतकी साधी ती सोय होती.

महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा १९६७ चा. मद्रासने १९४८ मध्ये कायद्याबरोबर ग्रंथालय करही बसविला. आपण तो बसविला नाही. त्यामुळे सारे अनुदानावर आले, आणि वाचनालयाच्या सेवकाला जे मिळते त्याला पगार म्हणावयास माझी जीभ रेटत नाही. मुलांचा कार्यक्रम शनिवारी संध्याकाळी घ्या, असे त्याला सांगणे सोपे आहे. तो तास त्याच्या मजुरीत कुठे धरला आहे, हे मंडळाने मला दाखवावे.

आमच्या माढा तालुक्यात ऊस आला, कारखाने आले. दिवाळीच्या सुमारास बीडकडून टोळ्या येतात. नवराबायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली. पहाटे दोघे फडात गेले की कोपीवर राहते ती दहा-अकरा वर्षांची मुलगी, धाकट्यांना सांभाळावयास. १८८१ च्या कायद्यातले नऊ तास मला तिच्याकडे पाहून कळले.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका वाचनालयात अशी एक मुलगी भावाला कडेवर घेऊन आली. पोर रडू लागले, तेव्हा तिला बाहेर जावयास सांगण्यात आले. लहानपणी दुसऱ्या एका गावी मलाही असेच सांगण्यात आले होते, अनामत नव्हती म्हणून. ती पायरीवर बसली आणि त्याला चित्रे दाखवू लागली. पुस्तक घरी नेऊ का, असे तिने विचारले. अनामत नाही, कायमचा पत्ता नाही, जामीन कोण? मुकादम उचलीला जामीन असतो, पुस्तकाला नाही. मी सही केली. मार्चअखेरीस पट्टा पडला, टोळी गेली, आणि पुस्तकही गेले. सेवक मला भेटला की मान हलवी.

पुढच्या हंगामात पुस्तक परत आले, खताच्या पिशवीच्या कागदात नीट गुंडाळून. पाने जाग्यावर होती. एका कोपऱ्याला काजळ होते, म्हणजे चुलीपाशी वाचले गेले असावे. उशीर ३२ आठवड्यांचा, दंड आठवड्याला २ रुपये, म्हणजे ६४ रुपये. पुस्तकाची छापील किंमत ४०. दंड मी भरला आणि पावती जपून ठेवली.

त्याच दिवशी मी तिथल्या कार्यकारी मंडळाकडे लेखी अर्ज दिला. हंगामात रोज संध्याकाळी सहा ते सात हा तास मुलांसाठी ठेवावा, कडेवरच्या भावंडांसह. टोळीच्या मुलांस अनामत माफ असावी आणि पुस्तक पुढच्या हंगामापर्यंत द्यावे. आणि त्या तासाचा मोबदला सेवकाला वेगळा मिळावा, त्यासाठी बडोद्याप्रमाणे एक हिस्सा गावाने, एक पंचायतीने आणि एक कारखान्याने उचलावा. संघटनेच्या वर्गणीतून पहिले वर्ष निभावून नेण्याची तयारीही मी लिहून दिली आहे. अर्जाची पोच मजकडे आहे. तो अद्याप विषयपत्रिकेवर आलेला नाही.