नऊ दिवसांचा खेळ आणि वीस षटके

क्रिकेट लांबवायचे ठरवले तर ते किती लांबू शकते, याचा पुरावा डर्बन शहराने मार्च १९३९ मध्ये देऊन ठेवला आहे. दक्षिण आफ्रिका आणि इंग्लंड यांच्यातला तो कसोटी सामना निकाल लागेपर्यंत खेळायचा होता. दिवसांचे बंधन नव्हते. ३ तारखेला सुरू झालेला खेळ १४ तारखेला थांबला. दोन रविवार सुट्टीचे आणि एक दिवस पावसाचा वगळला, तरी नऊ दिवस मंडळी खेळतच होती! चार डावांत मिळून १९८१ धावा झाल्या. इंग्लंडला जिंकायला ६९६ हव्या होत्या, आणि ५ बाद ६५४ पर्यंत मजल गेली होती. उरल्या अवघ्या ४२. पण केपटाऊनहून निघणारे जहाज गाठायचे तर आगगाडी पकडणे भाग होते. त्यात पाऊस आला, आणि ज्या सामन्याला वेळेची मर्यादाच नव्हती, तो वेळ संपला म्हणून अनिर्णित राहिला. त्यानंतर असा सामना पुन्हा कोणी खेळले नाही.

खेळ आखूड होणे म्हणजे खेळ बाटणे, असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना मी ही हकीकत आवर्जून सांगतो. खरे पाहता आपण सगळे लहानपणापासून आखूड क्रिकेटच खेळत आलो. भातकापणी झालेल्या शेतात किंवा चाळीच्या अंगणात पाच दिवसांचा सामना कोणी खेळला आहे? दिवेलागण झाली की डाव आटोपला. पाच दिवसांचे क्रिकेट आपण रेडिओवर ऐकले. खेळलो ते तासा-दोन तासांचे.

साहेबाला हे उशिरा उमगले. युद्धानंतर भरलेली काउंटी मैदाने हळूहळू ओस पडू लागली, तेव्हा १९६३ साली एका दिवसात निकाली निघणारी स्पर्धा सुरू झाली. बाजूला ६५ षटके, आणि चषकाला नाव दाढीची पाती बनवणाऱ्या जिलेट कंपनीचे! ससेक्सने वूस्टरशायरला १४ धावांनी हरवून पहिला चषक नेला, आणि लॉर्ड्सचे मैदान त्या दिवशी भरून गेले होते.

पण जगाला एकदिवसीय क्रिकेट दिले ते मात्र पावसाने. मेलबर्नची कसोटी पावसात पार वाहून गेली. गल्ला बुडाला. थोडी तरी भरपाई व्हावी म्हणून ५ जानेवारी १९७१ रोजी ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड यांच्यात आठ-आठ चेंडूंच्या ४० षटकांचा सामना घाईघाईने ठरवला. सेहेचाळीस हजार लोक आले! चिटणीस मंडळींचे डोळे तेव्हा विस्फारले नसतील तरच नवल.

आपण मात्र या नव्या पाहुण्याला दारातच उभे ठेवले. १९७५ च्या पहिल्या विश्वचषकात इंग्लंडने ३३४ धावा केल्या, आणि आपले सुनील गावसकर ६० षटके खेळून ३६ धावांवर नाबाद राहिले. कसोटीची सवय, दुसरे काय! आठच वर्षांनी, २५ जून १९८३ रोजी, त्याच लॉर्ड्सवर १८३ धावांच्या तुटपुंज्या शिदोरीवर आपण वेस्ट इंडीजला १४० त गुंडाळले, आणि मग पाहुणा घरचाच झाला. वीस षटकांच्या बाबतीतही तेच. इंग्लंडने २००३ मध्ये हा प्रकार काढला; २००७ च्या स्पर्धेला आपले तेंडुलकर, द्रविड, गांगुली गेलेही नाहीत. धोनीच्या तरुण संघाने पाकिस्तानला ५ धावांनी हरवले, आणि पुढल्याच एप्रिलमध्ये आयपीएल उभी राहिली. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांच्या प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. आकडा वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचला.

एवढ्या पैशापुढे चार दिवसांची रणजी टिकेल का, ही चिंता मलाही आहे. कोलकात्याला २००१ साली फॉलोऑननंतर लक्ष्मण आणि द्रविड दिवसभर बाद झाले नाहीत, तसला दिवस वीस षटकांत मावत नाही. तरीही तक्रार करताना माझी जीभ अडखळते, ती मुलींमुळे. पुरुषांच्या आधी दोन वर्षे, १९७३ मध्ये, पहिला विश्वचषक स्त्रियांनी भरवला, आणि तोही मर्यादित षटकांचाच. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत हरमनप्रीतच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून तो प्रथमच घरी आणला. सांगलीची स्मृती मानधना त्या संघाची उपकर्णधार होती. आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये वीस षटकांचेच क्रिकेट आहे, पुरुषांचे आणि स्त्रियांचेही.