फुकुदा, केइको
(१२ एप्रिल १९१३ – ९ फेब्रुवारी २०१३). ज्यूदोच्या जपानी शिक्षिका आणि कोडोकान संस्थेची नववी ‘दान’ ही श्रेणी मिळविणाऱ्या पहिल्या महिला. त्यांचा जन्म टोकिओ येथे झाला. त्यांचे आजोबा फुकुदा हाचिनोसुके हे जुजुत्सू या प्राचीन युद्धविद्येतील तेंजिन शिन्यो परंपरेचे गुरू होते. ज्यूदोचे जनक कानो जिगोरो (१८६०–१९३८) यांनी १८७७ मध्ये त्यांच्याकडेच शिक्षणास प्रारंभ केला. पुढे सरावाच्या झुंजीतून घातक डाव वगळून, शरीर व मन घडविणारे शिक्षण म्हणून कानो यांनी ज्यूदोची मांडणी केली व १८८२ मध्ये टोकिओत कोडोकानची स्थापना केली.

केइको यांना लहानपणी सुलेखन, पुष्परचना व चहाविधी या मुलींना उचित मानल्या गेलेल्या कला शिकविण्यात आल्या. गुरूचे ऋण स्मरून कानो यांनी त्यांना ज्यूदो शिकण्यास स्वतः पाचारण केले. त्यानुसार १९३५ मध्ये त्या कोडोकानच्या महिला विभागात (स्थापना १९२६) दाखल झाल्या. तेथे तेव्हा अवघ्या चोवीस विद्यार्थिनी होत्या. केइको यांची उंची सुमारे १५० सेंमी. व वजन सुमारे ४५ किग्रॅ. होते, तथापि दोनच वर्षांत त्या शिक्षिका झाल्या. विवाह केल्यास ज्यूदो सोडावा लागेल असे दिसून येताच त्यांनी आलेले स्थळ नाकारले व त्या आजन्म अविवाहित राहिल्या.

महिलांना त्या काळी स्पर्धात्मक सामन्यांत भाग घेता येत नसे. त्यामुळे ‘काता’ या अंगावर, म्हणजे दोघांनी ठरावीक क्रमाने करावयाच्या डाव-प्रतिडावांवर, त्यांच्या शिक्षणाचा भर होता. यांपैकी ‘जु-नो-काता’त पाच-पाच डावांचे तीन संच असतात. त्यात प्रतिस्पर्ध्यास प्रत्यक्ष खाली आपटले जात नाही. त्याच्या बळाला विरोध न करता त्याचा तोल कसा घालवावा, हे तत्त्व संथ हालचालींतून दाखविले जाते. केइको या प्रकारात निष्णात झाल्या. १९६४ च्या टोकिओ ऑलिंपिकमध्ये ज्यूदोचा प्रथमच समावेश झाला, पण तो केवळ पुरुषांसाठी होता. त्या प्रसंगी केइको यांनी नोरितोमी मासाको यांच्यासह जु-नो-काताचे प्रात्यक्षिक केले.

ज्यूदोतील प्रावीण्य ‘दान’ या श्रेणींनी दर्शविले जाते. केइको यांना १९५३ मध्ये पाचवी दान मिळाली. महिलांना याहून वरची श्रेणी देण्याची प्रथा नसल्याने सुमारे वीस वर्षे त्या त्याच श्रेणीत राहिल्या. ही मर्यादा हटविण्याची मागणी झाल्यावर १९७२ मध्ये कोडोकानने त्यांना व नोरितोमी यांना सहावी दान दिली. महिलांना तोपर्यंत ही श्रेणी मिळालेली नव्हती.

केइको यांनी १९५३ मध्ये अमेरिकेचा पहिला दौरा केला. १९६६ मध्ये त्या पुन्हा तेथे गेल्या आणि पुढे अमेरिकेचे नागरिकत्व स्वीकारून सॅन फ्रॅन्सिस्को येथे स्थायिक झाल्या. ओकलंड येथील मिल्स कॉलेजात त्यांनी १९६७ ते १९७८ या काळात ज्यूदो शिकविला. सॅन फ्रॅन्सिस्को येथे त्यांनी महिलांसाठी ‘सोको जोशी’ हे ज्यूदो मंडळ चालविले. बॉर्न फॉर द मॅट (१९७३) हे त्यांचे इंग्रजी पुस्तक महिलांना काता शिकविण्यासाठी लिहिलेले आहे.

महिलांची पहिली जागतिक ज्यूदो स्पर्धा १९८० मध्ये न्यूयॉर्क येथे झाली आणि १९९२ च्या बार्सेलोना ऑलिंपिकमध्ये महिलांच्या ज्यूदोला पदकांचा दर्जा मिळाला. कोडोकानने केइको यांना नववी दान दिली ती २००६ मध्ये, त्यांच्या वयाच्या ९२ व्या वर्षी. ‘यूएसए ज्यूदो’ या अमेरिकन संघटनेने २०११ मध्ये त्यांना दहावी दान दिली. कोडोकानची ही सर्वोच्च श्रेणी मात्र त्यांना मिळाली नाही. अखेरच्या वर्षांतही त्यांचे अध्यापन चालू होते. सॅन फ्रॅन्सिस्को येथे त्यांचे निधन झाले. कानो यांच्याकडे प्रत्यक्ष शिकलेल्या त्या अखेरच्या हयात शिष्या मानल्या जात.