शाळेतल्या पोरांनी लिहिलेला इतिहास

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनी ही स्मरणिका निघत आहे. शिक्षणाच्या इतिहासावर काहीतरी लिहून द्या, असे संपादक मंडळातल्या तरुण कार्यकर्त्यांनी आम्हाला सांगितले. आम्ही काही प्राध्यापक नाही. सूतगिरणीत पाळीवर काम करणारी माणसं आम्ही. शिकलो ते रात्रशाळेत, आणि उरलंसुरलं विहाराच्या वाचनालयात. तेव्हा जे वाचलं आणि वाचून जे मनाला पटलं, तेवढंच इथे मांडतो.

शाळेचा इतिहास बहुतेक वेळा शाळा काढणाऱ्यांचा असतो. कोणी काढली, कोणत्या साली काढली, उद्घाटनाला कोण आलं होतं, हे पुस्तकात सापडतं. ते हवंच. परंतु बाकावर बसलेल्या, किंवा बाक नाकारून बाहेर बसवलेल्या पोराला ती शाळा कशी दिसली? मास्तर कसे होते, शेजारची मुलं कशी वागली, घरी जाताना मनात काय होतं? हे विचारायला कोणी जात नाही. आपल्या समाजाला अभिमान वाटावा अशी गोष्ट ही की, आपल्यातल्या विद्यार्थ्यांनी हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं आहे. एकदा नव्हे, दीडशेहून अधिक वर्षे ते लिहीत आले आहेत.

यात पहिलं नाव येतं मुक्ता साळवे हिचं. क्रांतिबा जोतिराव फुले आणि सावित्रीबाई यांनी १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. पुढे १८५२ साली वेताळ पेठेत अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा निघाली. अंगावर शेणमातीचा मारा सोसत सावित्रीबाई शिकवायला जात. त्यांच्या हाताखाली शिकलेली मुक्ता ही मांग समाजातली मुलगी. तिने एक निबंध लिहिला. तो 'ज्ञानोदय' या मिशनऱ्यांच्या नियतकालिकात १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ अशा दोन अंकांत छापून आला. निबंधाचं नाव 'मांग महारांच्या दुःखाविषयी'.

आज आपली पोरं शाळेत निबंध लिहितात तो 'पावसाळ्यातील एक दिवस' किंवा 'माझा आवडता प्राणी' असा. मुक्ताने काय लिहिलं ते पहा. वेदांवर ब्राह्मणांचा हक्क, मग आमचा धर्म कोणता, असा सरळ सवाल तिने केला. पेशवाईत तालमीपुढून मांग-महार गेला तर त्याच्या शिराचा चेंडू करीत, हे तिने लिहिलं. आपल्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्पर नसतं, हेही तिने लिहिलं. आणि मुलांविषयी तिने जे सांगितलं ते तर काळीज कापणारं आहे. वरच्या जातीच्या मुलांनी दगड मारून रक्त काढलं तरी आपली मुलं तक्रार करीत नाहीत. का? तर त्यांच्याच दारात उष्टं मागायला जायचं असतं म्हणून.

बंधू-भगिनींनो, हे फक्त दुःख सांगणं नाही. पोर गप्प का बसतं याचं कारण तिने शोधलं. मार खाऊन गप्प बसणारं पोर भित्रं नसतं. त्याचं पोट दुसऱ्याच्या हातात असतं. हे ज्या वयात तिला कळलं, त्या वयात आपल्याला पाढेसुद्धा धड येत नव्हते. आणि उपाय म्हणून तिने आपल्याच लोकांना सांगितलं की, अभ्यास करा, ज्ञान मिळवा.

आणखी एक गोष्ट आम्हाला मुद्दाम सांगायची आहे. मुक्ता मांगाची पोर. पण मथळ्यात तिने दोघांची नावं घातली, मांगाचंही आणि महाराचंही. दोन्ही समाजांचं दुःख तिने एकाच पानावर मांडलं. आज आपल्या वस्तीच्या नाल्यापलीकडे मातंग बांधवांची घरं आहेत. त्यांची किती मुलं आपल्या विहाराच्या अभ्यासिकेत बसतात, याचा ज्याने त्याने विचार करावा. मुक्ताचा फोटो भिंतीवर लावायचा आणि तिच्या समाजाच्या मुलांना दाराशी ठेवायचं, हे शोभणारं नाही.

दुसरी साक्ष खुद्द परमपूज्य बाबासाहेबांची. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत त्यांचं नाव दाखल झालं. हाच दिवस २०१७ पासून महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. पुढे १९३५-३६ च्या सुमारास बाबासाहेबांनी आपल्या काही आठवणी इंग्रजीत लिहून ठेवल्या. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली त्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने पुस्तिकारूपाने छापल्या. त्यात साताऱ्याची शाळा आहे. वर्गात वेगळं बसायचं, तेही घरून आणलेल्या गोणपाटावर. शाळा झाडणारा गडी त्या गोणपाटाला हात लावत नसे, म्हणून ते रोज घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही. शिपायाने नळ सोडला तरच पाणी. शिपाई नसला तर तहानलेलंच राहायचं.

या आठवणीत आदळआपट नाही, शिव्याशाप नाहीत. जसं घडलं तसं लिहिलं आहे. पण पाण्यावाचून बसलेल्या त्या पोराची तहान वाया गेली नाही. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे आणि सार्वजनिक शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असं त्यात होतं. त्या ठरावाचा कागद प्रत्यक्षात यावा म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले. शाळेतला नळ आणि महाडचं तळं यांच्यामध्ये सत्तावीस वर्षांचं अंतर आहे, पण वाट एकच आहे.

बाबासाहेबांनी शाळेतलं वाईट लक्षात ठेवलं, तसं चांगलंही लक्षात ठेवलं, हे आपण विसरू नये. साताऱ्याला आंबेडकर आडनावाचे एक ब्राह्मण गुरुजी त्यांना दुपारी आपल्या डब्यातली भाजी-भाकरी देत. मोठेपणी बाबासाहेब ही आठवण प्रेमाने सांगत. मुंबईत त्यांना संस्कृत शिकायचं होतं. ते शिकवायला नकार मिळाला, म्हणून फारसी घ्यावी लागली. त्याच मुंबईत कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजी भेटले. १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले. त्या निमित्ताने सत्काराची सभा भरली, तिचे अध्यक्ष तेच बोले होते. केळुसकरांनी तिथे आपण लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांच्या हातात दिलं. परळच्या चाळीत एका खोलीत अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती तथागत आले ते एका शिक्षकाच्या हातून. माणसाचं शील जातीवरून ठरत नाही, हे त्यांना पुस्तकाआधी शाळेनेच शिकवलं असेल, असं आम्हाला वाटतं.

तिसरी गोष्ट वसतिगृहाची. २० जुलै १९२४ रोजी बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तिच्यातर्फे ४ जानेवारी १९२५ ला सोलापुरात आपल्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह निघालं. त्या वसतिगृहातली मुलं 'सरस्वती विलास' नावाचं मासिक चालवीत. विचार करा, ज्यांच्या घरात आधीच्या पिढीत अक्षर नव्हतं, त्या मुलांना जेवण आणि निवारा मिळाल्याबरोबर त्यांनी काय केलं? लिहायला घेतलं. पोटाची चिंता मिटली की तोंड उघडतं. मुक्ताने सत्तर वर्षांपूर्वी जे कारण सांगितलं होतं, त्याचा हा दुसरा पुरावा.

पुढे १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी आली. १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० ला औरंगाबादचं महाविद्यालय निघालं, तेच आपलं मिलिंद. मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतून पोरं तिथे आली. त्यातलेच एक प्र. ई. सोनकांबळे. आईबाप लहानपणीच गेले, बहिणीच्या आधाराने शिकले, आणि १९७९ साली 'आठवणींचे पक्षी' लिहिलं. त्याच्या आदल्या वर्षी दया पवारांचं 'बलुतं' आलं होतं. १९८१ ला कुमुद पावडे यांचं 'अंतःस्फोट' आलं. बाबासाहेबांना जे संस्कृत नाकारलं, त्याच संस्कृतच्या त्या प्राध्यापिका झाल्या. १९८६ ला शांताबाई कांबळे यांचं 'माझ्या जल्माची चित्तरकथा' आलं, त्या स्वतः शाळेत शिक्षिका होत्या. साहित्यिक याला दलित साहित्य म्हणतात. आम्ही साध्या भाषेत म्हणतो, शाळेत बसलेल्या पोरांनी मोठेपणी दिलेली ही साक्ष आहे.

मग आपल्या वस्तीचं काय? गेल्या वर्षी वर्षावासात रविवारच्या बालसंस्कार वर्गातल्या मुलांना आम्ही एक काम दिलं. प्रत्येकाने आपल्या शाळेवर एक पान लिहायचं, नाव घालायचं नाही. पानं हाती आली आणि वाचत बसलो. एका मुलीने लिहिलं होतं की, शिष्यवृत्तीचे फॉर्म वाटताना भर वर्गात आम्हाला उभं करतात आणि बाकीची मुलं बघतात. तिने घरी कधीच सांगितलं नव्हतं. एकाने लिहिलं होतं, आमच्या बाई स्वतःच्या पैशाने वह्या आणतात आणि कोणाला दिल्या ते कोणाला कळू देत नाहीत. एका पोराने लिहिलं होतं की, त्याने दुसऱ्याच्या बाकावरचा पेन उचलला होता, रात्री झोप आली नाही, सकाळी जाऊन ठेवून आला. त्याला कोणी पकडलं नव्हतं, कोणी विचारलंही नव्हतं.

वाचकहो, आपण विहारात पंचशील म्हणतो. न दिलेलं घेणार नाही, असं म्हणतो. म्हणणं सोपं आहे. त्या पोराने ते सकाळच्या शाळेत करून दाखवलं. शील ते हेच. आणि फॉर्म वाटताना उभ्या केलेल्या त्या मुलीने खाली मान न घालता जे घडलं ते कागदावर लिहिलं, हेसुद्धा शीलच. खोटं न बोलणं जसं शील, तसं खरं न दडवणंही शीलच आहे. त्या पानाचा उपयोग असा झाला की, तिघा-चौघा पालकांनी शाळेत जाऊन मुख्याध्यापकांशी शांतपणे बोलणं केलं. आता तिथे फॉर्म कार्यालयात मिळतात. मोर्चा काढावा लागला नाही, एक पान पुरलं.

गिरणीत आम्ही साच्यावर उभे असतो तेव्हा एकच नजर ठेवतो, धागा कुठे तुटला. तुटलेला धागा वेळेवर सांधला नाही तर बॉबीन फिरत राहते, पण भरत नाही. शाळेत जाणाऱ्या पोराचंही तसंच. ते रोज जातं, रोज येतं. आपल्याला वाटतं शिक्षण चाललंय. आतला धागा कधी तुटला ते कळायला त्याला विचारावं लागतं. नववीत शाळा सुटल्यावर विचारून काय उपयोग?

म्हणून आमची विहार समितीला विनंती आहे. वाचनालयात एक जाड वही ठेवावी. चौथीपासून बारावीपर्यंतच्या प्रत्येक मुलाने वर्षातून एकदा, विद्यार्थी दिनाच्या आसपास, आपल्या शाळेवर त्यात एक पान लिहावं. नाल्यापलीकडच्या मुलांनाही बोलवावं. शुद्धलेखन तपासू नये, बक्षीस लावू नये. मोठ्यांनी ते वाचावं आणि जिथे जाऊन बोलायला हवं तिथे जाऊन बोलावं. एवढंच. मुक्ता साळवेने लिहिलेलं 'ज्ञानोदय'ने छापलं म्हणून आज ते आपल्याला मिळालं. आपल्या पोरांचं लिहिलेलं जपून ठेवायला कोण दुसरं येणार? ते आपलंच काम आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!