केन्यातील इंग्रजी शिक्षण व कादंबरी

पूर्व आफ्रिकेतील केन्या हा प्रदेश १८९५ मध्ये ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली आला व १९२० मध्ये त्यांची वसाहत बनला. १२ डिसेंबर १९६३ रोजी तो स्वतंत्र झाला. वसाहतकाळात तेथील शाळांतून इंग्रजी ज्या रीतीने शिकविली गेली, तिचा ठसा तेथील कादंबरीवर खोलवर उमटला. इंग्रजी हे ज्ञानाचे साधन होते, नोकरीचे प्रवेशद्वार होते आणि शिक्षेचे निमित्तही होते. या शिक्षणातून घडलेल्या लेखकांनी प्रथम इंग्रजीतूनच वसाहतवादाचा प्रतिकार केला व पुढे त्या भाषेचाच प्रश्न ऐरणीवर आणला. न्गूगी वा थिओंगो (१९३८–२०२५) याचे लेखन हे या वाटचालीचे सर्वांत ठळक उदाहरण होय.

शैक्षणिक पार्श्वभूमी : प्रारंभीच्या शाळा मुख्यतः ख्रिस्ती मिशनांच्या होत्या. १९२९ च्या सुमारास स्त्रियांच्या सुंतेच्या रूढीवरून गिकुयू समाजातील अनेकांनी मिशनांशी फारकत घेतली व स्वतंत्र शाळा काढल्या. या शाळांनी धर्मसत्तेचे नियंत्रण झुगारले. इंग्रजी मात्र त्यांनाही हवीच होती, कारण राज्यकारभाराची भाषा तीच होती. माऊ माऊ उठावामुळे ऑक्टोबर १९५२ मध्ये आणीबाणी पुकारण्यात आली. त्यानंतर अनेक स्वतंत्र शाळा बंद पडल्या, तर काही सरकारी मंडळांच्या ताब्यात गेल्या.

न्गूगीने या बदलाचे वर्णन डीकॉलनायझिंग द माइंड (१९८६) या ग्रंथात केले आहे. त्याची पहिली चार वर्षे गिकुयू माध्यमात गेली होती. आणीबाणीनंतर शाळेच्या आवारात गिकुयू बोलणाऱ्या मुलास छड्या मिळत, दंड भरावा लागे किंवा मानहानीकारक शब्द लिहिलेली धातूची पट्टी गळ्यात अडकवावी लागे. गुन्हेगार शोधण्यासाठी एका मुलाकडे एक बटण देत. मातृभाषेत बोलणारा दुसरा मुलगा सापडला, की त्याने ते त्याच्याकडे सोपवायचे. दिवसअखेर बटणाचा मागोवा घेतला, की सर्व अपराध्यांची नावे उघड होत. सहाध्यायावर पाळत ठेवणे हा अशा रीतीने भाषाशिक्षणाचाच एक भाग झाला.

परीक्षेची पद्धतीही याच धर्तीची होती. इंग्रजीत अनुत्तीर्ण होणारा विद्यार्थी अन्य विषयांत कितीही चमकला, तरी संपूर्ण परीक्षेत अनुत्तीर्ण ठरे. इतर सर्व विषयांत विशेष प्रावीण्य मिळवूनही केवळ इंग्रजीमुळे मागे पडलेल्या एका वर्गमित्राचे उदाहरण न्गूगीने दिले आहे. तो पुढे एका बसकंपनीत मदतनीस झाला. स्वतः न्गूगीला सामान्य गुण असूनही इंग्रजीच्या बळावर अलायन्स हायस्कूल या प्रतिष्ठित विद्यालयात प्रवेश मिळाला. विद्यार्थ्याचे खरे ज्ञान व त्याच्या हाती पडणारे प्रमाणपत्र यांत अशी तफावत पडत असे.

इंग्रजीतील कादंबऱ्या : न्गूगीच्या वीप नॉट, चाइल्ड (१९६४) या कादंबरीत न्जोरोगे या मुलाच्या शिक्षणावर साऱ्या कुटुंबाची भिस्त असते. त्याचा बाप पूर्वजांच्याच, परंतु गोऱ्या वसाहतकाराने बळकावलेल्या जमिनीवर मजुरी करतो. शिक्षण मिळाले, की जमीन परत मिळेल, अशी आशा घरात असते. आणीबाणीत पोलीस न्जोरोगेला शाळेतून पकडून नेतात व त्याचा छळ करतात. त्याबरोबर ती आशाही संपते. ए ग्रेन ऑफ व्हीट (१९६७) मध्ये स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरील खेड्यातील विश्वासघात व कबुली यांचे चित्रण आहे.

भाषाविषयक वाद : जून १९६२ मध्ये युगांडातील मॅकेरेरे येथे इंग्रजीतून लिहिणाऱ्या आफ्रिकी लेखकांची परिषद भरली. १९६३ मध्ये नायजेरियन समीक्षक ओबी वाली याने, आफ्रिकी भाषांवाचून आफ्रिकी साहित्याला भवितव्य नाही, अशी भूमिका मांडली. उलट, आफ्रिकी अनुभव पेलण्यासाठी इंग्रजीला नवे वळण देता येते, असे प्रतिपादन चिनुआ अचेबे (१९३०–२०१३) याने १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात केले. थिंग्ज फॉल अपार्ट (१९५८) या त्याच्या कादंबरीत इग्बो म्हणी व कथनरीती यांनी इंग्रजी गद्याचा पोतच बदलला आहे. १९६८ मध्ये न्गूगी, हेन्री ओवूर-अन्युंबा व तबान लो लियाँग यांनी नैरोबी येथील विद्यापीठात इंग्रजी विभाग रद्द करून आफ्रिकी साहित्य अभ्यासाच्या केंद्रस्थानी आणावे, अशी मागणी केली.

गिकुयूकडे वळण : १९७७ मध्ये न्गूगीने न्गूगी वा मिरी याच्यासह न्गाहिका न्देंदा हे गिकुयू नाटक लिहिले. कामिरीथू येथील शेतकरी व कामगार यांनी ते सादर केले. शासनाने त्याच्या प्रयोगांचा परवाना काढून घेतला आणि वर्षाअखेरीस न्गूगीला विनाचौकशी स्थानबद्ध केले. कामिती तुरुंगात स्वच्छतागृहातील कागदावर त्याने काइतानी मुथारबाइनी ही गिकुयू कादंबरी लिहिली. ती १९८० मध्ये प्रसिद्ध झाली. प्रत्यक्ष बंधन आले, ते इंग्रजीत टीका करणाऱ्या कादंबरीकारावर नव्हे, तर खेड्यातील प्रेक्षकांशी त्यांच्या भाषेत बोलणाऱ्या नाटककारावर, ही बाब लक्षणीय आहे.

२०१० च्या राज्यघटनेनुसार स्वाहिली ही केन्याची राष्ट्रभाषा असून स्वाहिली व इंग्रजी या दोन्ही अधिकृत भाषा आहेत. अचेबेने इंग्रजी आपलीशी केली, तर न्गूगीने कथालेखनासाठी ती सोडली. मात्र आपल्या गिकुयू कादंबऱ्यांपैकी काहींचे इंग्रजी अनुवाद त्याने स्वतःच केले. त्याचा विरोध इंग्रजी शिकण्याला नव्हता. मुलाला स्वतःच्या भाषेची लाज वाटायला लावणाऱ्या शिक्षणाला होता.