वाट पाहणारे पुराण

दिवाळीचा आकाशकंदील उतरवून माळ्यावर ठेवावा, तोच ख्रिस्ती घरांत चांदणी टांगण्याचे दिवस जवळ येतात. नाताळ आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. त्याच्या आधीचे चार रविवार मात्र फारसे कोणास ठाऊक नसतात. तीस नोव्हेंबरच्या जवळात जवळ जो रविवार येईल, त्या दिवशी 'आगमनकाळ' सुरू होतो. धर्मगुरू जांभळी वस्त्रे घालतात, आणि जो यावयाचा आहे त्याची वाट पाहणे, हाच या दिवसांचा नेम. चित्रांत दिसते ते चार मेणबत्त्यांचे हिरवे कडे पुष्कळ अलीकडचे. जर्मनीत हाम्बुर्ग येथे विचर्न नावाच्या धर्मोपदेशकाने १८३९ साली आपल्या आश्रमातील मुलांसाठी दिव्यांचे चाक टांगले, तेथून ती चाल पडली. वाट पाहणे त्याहून फार जुने.

आम्हां खेडकरांना ते कोणी शिकवायला नको. गणपतीला, शिमग्याला मुंबईचा चाकरमानी दारात येईपर्यंत घरातल्या म्हातारीचे डोळे रस्त्याला लागलेले असतात. म्हणूनच की काय, फादर स्टीफन्सच्या 'क्रिस्तपुराणा'तील चमत्कारांपेक्षा त्यातील प्रतीक्षेनेच मला अधिक धरून ठेवले.

थॉमस स्टीफन्स हा जेझुइट पंथाचा इंग्रज साधू १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास उतरला आणि १६१९ साली तेथेच वारला. मराठीचे गोडवे गाणारा परदेशी म्हणून शाळेत आपण त्याचे नाव घेतो. पण त्याला पुराण लिहावेसे का वाटले, हे सहसा सांगत नाही. ते त्याने स्वतःच पहिल्या अध्यायात सांगून ठेवले आहे. सासष्टीत मुलांचा धर्मपाठ चालू असता एक नवख्रिस्ती ब्राह्मण उठतो. आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्यासारखे दुसरे एखादे आम्हांला का करून देत नाही, असे तो विचारतो.

मला या प्रश्नात विनंतीपेक्षा दुःखच जास्त ऐकू येते. त्या मुलखातली देवळे पाडली गेली होती, पोथ्या गेल्या होत्या. संध्याकाळी ऐकायचे काय? घेणारे आणि देणारे हात एकाच पक्षाचे होते, हे विसरून स्टीफन्सची आरती ओवाळणे मला जमत नाही. पण त्याने माणसाची भूक ओळखली, हेही नाकारता येत नाही. नुसती प्रश्नोत्तरे पाठ करवून तो थांबला नाही. त्याने जवळजवळ अकरा हजार ओव्या रचल्या.

आणि त्या रचताना घाई केली नाही. 'पहिले पुराण' छत्तीस अध्यायांचे आहे, आणि त्यात ख्रिस्त जन्मतच नाही! सृष्टीची उत्पत्ती, आदाम आणि एवा यांचे पतन, तारणाऱ्याचे वचन, मग मोशे, दावीद, संदेष्टे. पिढ्यांमागून पिढ्या जातात आणि वचन तसेच उभे राहते. ख्रिस्ताचे चरित्र येते ते 'दुसऱ्या पुराणा'च्या एकोणसाठ अध्यायांत. म्हणजे ग्रंथाचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग हा आगमनकाळच. ज्यांचे जुने सर्व गेले होते, त्या श्रोत्यांना त्याने प्रथम ऐकवली ती वाट पाहणाऱ्यांची कथा.

पुढे ग्रंथावरच तशी पाळी आली. देवनागरी खिळे मिळेनात म्हणून १६१६ साली तो रोमन लिपीत छापला गेला; १६४९ आणि १६५४ साली पुन्हा निघाला. १६८४ साली पोर्तुगीज सरकारने देशी भाषेवर बंदी घातली. त्या तिन्ही आवृत्त्यांची आज एकही प्रत उपलब्ध नाही. पण गोवा सोडून दक्षिणेस गेलेल्या कुटुंबांनी हाताने नकला करून ठेवल्या होत्या आणि घरोघरी त्या गाइल्या जात होत्या. अशा नकला ताडून जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूरास ग्रंथ छापला, तोही रोमन लिपीत. देवनागरीत तो पुण्यास शांताराम बंडेलू यांच्या संपादनाने निघाला, तेव्हा १९५६ साल उजाडले होते. पहिल्या छपाईला तीनशे चाळीस वर्षे झाली होती.