बेंजो पार्टी

लोकप्रिय गाण्यांच्या चाली गायकाशिवाय, नुसत्या वाद्यांवर वाजवणारे मिरवणुकीतले पथक. मुंबई, रायगड व कोकणात कोळीगीते आणि गणपतीचे आगमन हा त्याचा मुख्य आधार. पश्चिम महाराष्ट्रात, बारामती-इंदापूरकडे, परण्या (लग्नाआधीची नवरदेवाची मिरवणूक), वरात आणि यात्रेचा छबिना यांसाठी सुपारी दिली जाते.

वाद्य : मुख्य वाद्य बुलबुलतरंग, बोलीत तेच बेंजो. अमेरिकन बँजोशी त्याचा संबंध नाही. नागोयाचे गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये तयार केलेले ताइशोगोतो हा त्याचा पूर्वज. एका हाताने टाइपरायटरसारख्या कळा दाबायच्या, दुसऱ्याने तारा छेडायच्या. ते भारतात कोणत्या वाटेने आले याबद्दल एकमत नाही. पथकांनी त्याला पिकअप बसवून अँप्लिफायरला जोडले. कळांच्या जागा पक्क्या असल्याने सूर सहसा ढळत नाही, मात्र मींड जवळजवळ निघत नाही. लांब ओढलेला सूर वादक तार भराभर छेडून भरतो. या वाद्याची खरी ओळख त्या थरथरीतच आहे. तिला उणीव मानणाऱ्यांनी ते मिरवणुकीत ऐकलेले नसावे.

साथ : ढोल, ताशा, कीबोर्ड, ऑक्टोपॅड.

वादनपद्धती : चाल कानाने उचलून बसवतात. मुखड्याइतकेच कडव्यांमधले म्युझिकही हुबेहूब लागते, कारण नाचणारे त्यावरच ठेका धरतात. शब्द गर्दी स्वतः म्हणते. व्हिडिओ गेमचे संगीत वाजवणाऱ्या वाद्यवृंदांना ही सोय नाही. कोजी कोंदो यांची ‘सुपर मारिओ’ची धून (१९८५) मुळात शब्दांविना रचलेली, श्रोत्याला ती आठवते ती खेळामुळे. 

कायदा : दुसऱ्याची चाल वाजवायला परवानगी लागते का, हा प्रश्न पथकांपुढे क्वचितच येतो. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ५२(१)(झेडए) ने खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभातील वादनाला सूट दिली आहे, आणि स्पष्टीकरणात लग्नाची वरात व लग्नाशी निगडित इतर सामाजिक सोहळेही त्यात धरले आहेत. वरातीपुरते पथक त्यामुळे निर्धास्त. हॉटेलांतल्या लग्नसमारंभात ही सूट कुठवर पोचते, यावर वाद आहे. या सुटीबाबत गोवा सरकारने काढलेले परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये रद्द केले. तेच वादन हक्कधारकाच्या परवानगीशिवाय ध्वनिमुद्रित करून विकायचे झाल्यास मात्र २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ३१सी आडवे येते. मूळ ध्वनिमुद्रणाचे वर्ष संपल्यावर पाच कॅलेंडर वर्षे थांबावे लागते आणि प्रती काढलेल्या प्रत्येक वर्षासाठी किमान ५०,००० प्रतींचे स्वामित्वधन भरावे लागते. वाणिज्यिक न्यायालयाला हा आकडा कमी करता येतो. ‘सैराट’मधील ‘झिंगाट’चे ध्वनिमुद्रण २०१६ चे धरले, तर या कलमाखाली त्याची वाट २०२२ पासून खुली होते. गावच्या वरातीत मात्र ते २०१६ च्याच उन्हाळ्यात वाजू शकत होते.

आवाज : ध्वनिप्रदूषण नियम, २००० लागू. डॉल्बीच्या भिंतींपुढे पथकांची कामे कमी झाल्याचे बोलले जाते.

चित्रपट : ‘बँजो’ (हिंदी, २०१६, दिग्दर्शक रवी जाधव).