मामा तलावांचं रान

आमच्या भंडाऱ्याकडच्या 'मामा तलावां'चा कुणाच्या मामाशी संबंध नाही. 'माजी मालगुजारी'ची ती आद्याक्षरं. त्याच मालगुजारांकडे रानंही होती, पण त्यांना असं टोपणनाव मिळालं नाही.

खासगी जंगल राखायला मालकाला काय द्यावं, हा प्रश्न कार्बनच्या बाजारामुळे आज नवा वाटतो. आमिषाची रीत मात्र जुनी आहे, फक्त ते उलट्या कामासाठी असायचं. रान साफ करून तलाव बांधेल त्याला त्या पाण्यावर भिजेल तेवढी जमीन, असा चांद्याच्या गोंड राजांचा हुकूम होता म्हणतात. पुढे 1860च्या दशकात इंग्रजांनी मालगुजारांना गावाची मालकी दिली आणि गावाबरोबर रानही त्यांचं झालं. गावकऱ्यांना सरपण, चराईचा निस्तार हक्क होता.

मग 1950चा मालकी हक्क निर्मूलन कायदा आला. 31 मार्च 1951ला मध्य प्रदेशात (भंडारा तेव्हा त्यातच) हे सगळं सरकारजमा झालं. जमीनदारी जायलाच हवी होती. पण जाणार हे आधी कळल्यावर मालक कसा वागतो? नोटीस पिरियडमधला माणूस कोडची काळजी घेतो का, आठवून बघा. देशभर जमीनदारांनी झाडं विकायचा सपाटा लावला. कायदा करणाऱ्यांनाही हे ठाऊक होतं, म्हणून 16 मार्च 1950नंतरचे व्यवहार त्यांनी रद्दबातल ठरवले.

याच कायद्यातून निघालेल्या एका खटल्याचा निकाल 1958मध्ये सर्वोच्च न्यायालयात लागला. एका जमीनदाराने 1948मध्ये पत्नीला 26,000 रुपयांत जंगलातलं लाकूड, बांबू तोडायचा हक्क लिहून दिला होता, 1960पर्यंतचा. दस्त नोंदवलेला नव्हता. न्यायालयासमोर प्रश्न आला: झाड ही जंगम मालमत्ता की स्थावर? लवकरच तोडायचं असेल तर जंगम. पण बारा वर्षं मातीतून पोसलं जाणार असेल, तर स्थावर, आणि मग नोंदणी हवीच. बाई हरल्या. मला त्या निकालातली झाडाची व्याख्या आवडते, कारण ती झाडापेक्षा मालकाच्या मनातल्या मुदतीवर ठरते.

कोस्टारिकाने 1996च्या वनकायद्यात हीच मुदत विकत घेतली. जंगल राखणाऱ्या मालकाला इंधनावरच्या करातून करारानुसार पैसे, आणि सोबत जंगलाचं शेत करायला बंदी. बंदी असताना पैसे कशाला, असा आक्षेप अर्थतज्ज्ञ घेतात. मला तो पटत नाही. नुसत्या बंदीने रान ओझं होतं. आपल्याकडे संगमेश्वर तालुक्यात एईआरएफ ही पुण्याची संस्था रानमालकांशी न तोडण्याचे करार करते, मोबदला देते. पण तिच्यामागे इंधनकर नाही. एक देणगीदार थांबला तर?

सरकारचा आपल्याशी करार वेगळा आहे. 1964च्या वृक्षतोड कायद्यानुसार स्वतःच्या शेतातला साग तोडायलाही परवानगी लागते. राखल्याबद्दल काही मिळत नाही. त्यामुळे धुऱ्यावर सागाचं रोप आपसूक उगवलं, तर वाढू द्यायचं की बोटभर असतानाच उपटायचं, हे शेतकरी नांगर धरून एकटाच ठरवतो.